वालचंद हिराचंद दोशी

वालचंद हिराचंद दोशी (जन्म : सोलापूर, २३ नोव्हेंबर १८८२, मृत्यू : सिद्धपूर, गुजरात, ८ एप्रिल १९५३) हे भारतातील आधुनिक नौकानयन, जहाजबांधणी, विमाननिर्मिती व मोटारनिर्मिती या उद्योगांचे आद्य प्रवर्तक होते. महाराष्ट्रात ते शेठ वालचंद या नावाने ओळखले जात. मुंबईत १९१९ साली स्थापन झालेल्या सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक होते आणि पुढे सुमारे दोन दशके या कंपनीचे अध्यक्ष होते. पहिल्या महायुद्धात इस्पितळ-जहाज बनलेली एक जुनी प्रवासी आगबोट विकत घेऊन त्यांनी नौकानयनात पाऊल टाकले, आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांच्याच कंपनीच्या प्रवासी बोटी युद्धकार्याला जुंपल्या गेल्या. व्यापारी जहाज आणि युद्धनौका यांच्यातील सीमारेषा किती पुसट असते, हे त्यांच्या चरित्रात जसे दिसते तसे दुसऱ्या कोणा भारतीय उद्योजकाच्या चरित्रात क्वचितच दिसेल.

घराणे व शिक्षण

दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातील, गुजराती भाषक, दिगंबर जैन. व्यापाराच्या निमित्ताने ते महाराष्ट्रात आले आणि सोलापूरला स्थिरावले. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचा व सावकारीचा व्यवसाय करीत. जैन समाजातील सुधारणावादी कार्यकर्ते म्हणूनही त्यांचा लौकिक होता. आईचे छत्र वालचंदांना जन्मानंतर लवकरच अंतरले. सोलापूरच्या सरकारी शाळेतून १८९९ साली ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय व पुण्याचे डेक्कन महाविद्यालय येथे त्यांनी शिक्षण घेतले. पण पदवी पुरी न करता ते घरच्या व्यवसायात शिरले. कापूस, धान्य व सावकारी या वडिलोपार्जित धंद्यांत त्यांचे मन रमले नाही.

रेल्वेचे ठेके

लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी झालेली ओळख वालचंदांच्या आयुष्याला वळण देणारी ठरली. फाटकांना रेल्वेच्या कामांची माहिती होती, वालचंदांजवळ भांडवल उभे करण्याची ताकद होती. ‘फाटक-वालचंद’ या भागीदारीने बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून आरंभ केला आणि पुढे मोठमोठे ठेके मिळवले. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा जलवाहिनीचे काम ही त्यांच्या बांधकाम-व्यवसायातील ठळक कामे होत. १९२६ साली स्थापन झालेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी ही या व्यवसायाची पुढची पायरी होय. ठेकेदारीत मिळालेला पैसा, आणि त्याहून अधिक म्हणजे यंत्रसामग्री, मजूर व सरकारी खाती यांच्याशी व्यवहार करण्याचा अनुभव, त्यांना पुढे उपयोगी पडला.

‘लॉयल्टी’ जहाज

१९१९ च्या आरंभी आगगाडीच्या प्रवासात एका इंग्रज सहप्रवाशाकडून वालचंदांना असे कळले, की ग्वाल्हेरच्या महाराजांचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबई बंदरात विक्रीला आहे. मुंबईत उतरताच त्यांनी या जहाजाचा पाठपुरावा सुरू केला.

या जहाजाला स्वतःचा इतिहास होता. इंग्लंडमधील बॅरो येथे बांधलेली ही दोन मळसूत्री पंख्यांची आगबोट १८९१ साली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने कॅनेडियन पॅसिफिक कंपनीच्या सेवेत आली. वजन सुमारे ६,००० टन, गलबतासारखी निमुळती नाळ, पांढराशुभ्र रंग. व्हँकूव्हर ते हाँगकाँग या मार्गावर टपाल व प्रवासी नेणाऱ्या तीन भगिनी-जहाजांपैकी ती एक होती. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर डिसेंबर १९१४ मध्ये ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली आणि भारतीय सैनिकांसाठी तिचे इस्पितळ-जहाजात रूपांतर करविले. जानेवारी १९१५ मध्ये तिला ‘लॉयल्टी’, म्हणजे राजनिष्ठा, हे नाव मिळाले.

प्रवासी बोटीचे इस्पितळ करणे हे युद्धकालीन रूपांतरांपैकी त्या मानाने सोपे. तिच्यात केबिनी, स्वयंपाकघरे, धोबीखाना, हवा खेळण्याची सोय हे सारे आधीच असते. भोजनगृहे व दिवाणखाने मोकळे करून तेथे खाटांच्या रांगा लावायच्या आणि एखाद्या उजेडाच्या खोलीत शस्त्रक्रियेची सोय करायची. आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा जहाजावर शस्त्रे चालत नसत; दुरून ओळखू यावे म्हणून ते पांढरे रंगवून त्यावर मोठे लाल क्रॉस काढावे लागत. युद्ध संपल्यावर उलट रूपांतरही शक्य असते. मात्र झिजलेली यंत्रे आणि थकलेले बॉयलर त्याने नवे होत नाहीत.

वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांना एकत्र आणले आणि मार्च १९१९ मध्ये नवी बोटकंपनी उभी राहिली. जहाज ज्यांच्याकडून आले त्या शिंदे घराण्याचे नाव कंपनीला देण्यात आले आणि नरोत्तम मोरारजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. ‘लॉयल्टी’ ५ एप्रिल १९१९ रोजी प्रवाशांसह मुंबईहून इंग्लंडकडे निघाली. दुसऱ्याच दिवशी, ६ एप्रिलला, रौलट कायद्याच्या निषेधार्थ मुंबईत हरताळ पडला आणि गिरगाव चौपाटीवर गांधीजींच्या उपस्थितीत हजारोंचा समुदाय जमला. राजनिष्ठेचे नाव मिरवणारी बोट स्वदेशी मालकीच्या झेंड्याखाली जावी आणि पाठोपाठ त्याच शहरात सत्याग्रहाचा आरंभ व्हावा, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

व्यवसाय म्हणून मात्र ‘लॉयल्टी’ फसली. त्या वेळी ती २८ वर्षांची होती. जलद टपाल-बोट म्हणून तिची रचना झाली होती आणि अशा बोटीचा कोळशाचा खर्च टपालाच्या सरकारी अनुदानावरच निघत असे. इंग्लंड-हिंदुस्थान टपालाचे कंत्राट पी. अँड ओ. कंपनीकडे होते, नव्या स्वदेशी कंपनीला ते मिळण्याचा प्रश्नच नव्हता. इंग्लंडमध्ये पोचल्यावर दुरुस्ती व तपासणी यांत बराच काळ गेला. मोजक्याच फेऱ्यांनंतर १९२१ साली ती बंदरात उभी करून ठेवावी लागली आणि १९२३ साली मुंबईतच मोडीत निघाली. तरीही तिची खरेदी पूर्णपणे वाया गेली असे म्हणता येत नाही. त्याच इंग्लंडभेटीत कंपनीने पॅलेस शिपिंग कंपनीच्या सहा मालवाहू बोटी घेतल्या, आणि सिंदियाचा पुढचा व्यवहार या साध्या, मंद, पण कमी खर्चाच्या बोटींवर उभा राहिला.

ब्रिटिश कंपन्यांशी झगडा

सिंदियाच्या आधी हिंदी मालकीच्या बोटकंपन्या निघाल्या नव्हत्या असे नाही. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूर्वेकडील व्यापारासाठी बोटी चालवून पाहिल्या होत्या, तुतिकोरीनला व्ही. ओ. चिदंबरम पिल्ले यांनी १९०६ साली स्वदेशी कंपनी काढली होती. त्या कंपन्या टिकल्या नाहीत. याचे मुख्य कारण दरयुद्ध हे होते. नवी कंपनी मैदानात उतरली की प्रस्थापित कंपन्या भाडे खर्चाच्याही खाली आणीत. याशिवाय ‘मागाहून परतावा’ देण्याची एक चतुर पद्धत होती : व्यापाऱ्याने ठरावीक मुदतीत सगळा माल एकाच गटाच्या बोटींनी पाठवला, तर भाड्याचा काही भाग त्याला काही महिन्यांनी परत मिळे. मध्येच एक खेप जरी दुसऱ्याच्या बोटीने पाठवली, तरी आधीचा साराच परतावा बुडे. त्यामुळे स्वदेशी कंपनीबद्दल आस्था असलेला मांडवीचा तांदळाचा किंवा कापसाचा व्यापारीही तिला माल देताना कचरत असे.

ब्रिटिश इंडिया आणि पी. अँड ओ. या एकत्र आलेल्या कंपन्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप यांनी सिंदिया विकत घेण्याची तयारी दाखवली. वालचंदांनी व नरोत्तम मोरारजींनी ती नाकारली. अखेर १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला. त्यानुसार सिंदियाला हिंदुस्थान, ब्रह्मदेश व सिलोन यांच्या किनारी व्यापारात मालवाहतूक करण्याची मोकळीक मिळाली. पण कंपनीच्या बोटींचे एकूण वजन ७५,००० टनांच्या वर जाता कामा नये आणि तिने प्रवासी वाहतुकीत उतरू नये, अशा अटी पडल्या. हा करार नामुष्कीचा असल्याची टीका त्या वेळीही झाली. कराराने कंपनीचे हातपाय बांधले हे खरेच आहे. पण त्यामुळेच ती दरयुद्धात बुडण्यापासून वाचली हेही तितकेच खरे. दोन्ही गोष्टी लक्षात घेऊनच वालचंदांच्या व्यवहारनीतीचे मूल्यमापन करावे लागते.

करार पाळीत असतानाच त्यांनी कायद्याच्या मार्गाने दुसरी आघाडी उघडली. किनारी व्यापार देशी जहाजांसाठी राखून ठेवावा, ही मागणी स्वदेशीच्या राजकारणाचा भाग बनली. अनेकांनी विधिमंडळात नौकानयनाचा प्रश्न उचलला. सिंदियाशी संबंधित एस. एन. हाजी यांनी १९२८ साली किनारी वाहतूक राखीव करण्याचे विधेयक मांडले. ते कायद्यात उतरले नाही. हिंदी तरुणांना बोटीवर अधिकारी होण्याचे शिक्षण देशात मिळावे ही दुसरी मागणी मात्र मान्य झाली. ‘डफरिन’ ही रॉयल इंडियन मरीनची सैन्य वाहून नेणारी बोट प्रशिक्षण-जहाजात रूपांतरित करून १९२७ साली मुंबई बंदरात नांगरण्यात आली. पुढे कित्येक वर्षे माझगावच्या किनाऱ्यावरून दिसणारी ही बोट मुंबईकरांच्या परिचयाची होती. सैनिकांच्या झोपण्याच्या जागा वर्गखोल्या झाल्या आणि तिच्यावर शिकलेल्या मुलांतून हिंदी कप्तानांची पहिली पिढी तयार झाली. तोपर्यंत कोकणातील आणि सौराष्ट्रातील दर्यावर्दी जगभरच्या बोटींवर खलाशी, सारंग किंवा तांडेल म्हणून राबत. कप्तानाच्या पुलावर त्यांना प्रवेश नव्हता.

१९२९ साली नरोत्तम मोरारजी यांचे मोटार अपघातात निधन झाले आणि वालचंद अध्यक्ष झाले. याच सुमारास भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाच्या उभारणीत त्यांनी भाग घेतला. १९२७ साली त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना झाली.

प्रवासी वाहतूक : हज आणि कोकण

कराराची मुदत संपल्यानंतर सिंदियाने प्रवासी वाहतुकीत पुन्हा प्रवेश केला. मुंबईहून जेद्दापर्यंतची हज यात्रेकरूंची वाहतूक तोपर्यंत मुख्यतः मोगल लाइनकडे होती. सिंदियाने ‘अल मदिना’ (१९३७) आणि ‘अल हिंद’ (१९३८) अशा दोन नव्या बोटी या मार्गासाठी बांधून घेतल्या. लगेच तिकिटांचे दर घसरले. यात्रेकरूंची चंगळ झाली, कंपन्यांचे नुकसान झाले.

कोकणच्या किनाऱ्यावर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी चालत. गिरगावातील चाळी, परळ-लालबागच्या गिरण्या आणि दादरची नवी वस्ती यांतून राहणारे रत्नागिरी जिल्ह्यातील लक्षावधी चाकरमानी शिमगा आला की भाऊच्या धक्क्याकडे धाव घेत. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून गणपतीला घाटातून पायपीट. १९३९ च्या सुमारास ही कंपनी सिंदियाच्या ताब्यात आली. गिरणगावातील कामगाराला शेठ वालचंद हे नाव माहीत असो वा नसो, त्याच्या गावच्या वाटेवर त्यांची कंपनी आता उभी होती.

दुसरे महायुद्ध आणि प्रवासी बोटींची रूपांतरे

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. राष्ट्राजवळ स्वतःचा व्यापारी तांडा नसेल, तर युद्धकाळात आरमारालाही हाताशी काही उरत नाही, असे वालचंद व त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे सांगत आले होते. ते म्हणणे आता जगभर प्रत्ययाला येऊ लागले.

विमानवाहू नौकांच्या बाबतीत हे विशेष ठळकपणे दिसते. नवी विमानवाहू नौका बांधण्यास तीन-चार वर्षे लागत. म्हणून ज्यांच्याजवळ मोठ्या, वेगवान प्रवासी बोटी होत्या त्या राष्ट्रांची नजर त्यांच्यावर गेली. वरचे मजले कापून काढायचे, त्या जागी विमानांची बंदिस्त कोठी उभारायची, तिच्यावर सपाट धावपट्टी घालायची आणि विमाने वर-खाली नेणारे पाळणे बसवायचे, असा हा प्रकार. कागदावर सोपा वाटणारा हा बदल प्रत्यक्षात अवघड ठरे. धावपट्टी व कोठी यांचे वजन उंचावर येत असल्यामुळे जहाज कलण्याचा धोका वाढतो. तो टाळण्यासाठी तळाशी भार भरावा लागतो किंवा बाजूंना फुगवटे जोडावे लागतात. प्रवाशांसाठी बांधलेल्या सांगाड्यात चिलखत नसते, आणि एका भागात पाणी शिरल्यास बाकीचे भाग वाचवणाऱ्या भिंतीही युद्धनौकेइतक्या नसतात. भरीला इंधनाचा अफाट खर्च.

जर्मनीने १९४२ साली ‘ऑयरोपा’, ‘पोट्सडाम’ आणि ‘ग्नायझेनाउ’ या तीन प्रवासी जहाजांच्या विमानवाहू नौका करण्याचे ठरवले. पण या अडचणी आणि पोलाद व कामगार यांची टंचाई यांमुळे त्यांपैकी एकही पूर्ण झाली नाही. याच मालिकेतील ‘शार्नहोर्स्ट’ हे प्रवासी जहाज युद्ध सुरू झाले तेव्हा जपानच्या कोबे बंदरात अडकले होते. जपानी आरमाराने ते विकत घेऊन त्याची ‘शिन्यो’ ही विमानवाहू नौका केली. डिसेंबर १९४३ मध्ये ती सेवेत आली आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये अमेरिकन पाणबुडीने ती बुडवली. ‘पोट्सडाम’चे नशीब निराळे. युद्धानंतर ती ब्रिटिशांच्या हाती गेली, सैन्यवाहू बोट झाली आणि १९६० साली पाकिस्तानात जाऊन ‘सफिना-ए-हुज्जाज’ या नावाने कराचीहून हजयात्रेकरू नेऊ लागली.

सिंदियाच्या ‘अल हिंद’चा प्रवास नेमका उलट्या दिशेने झाला. हजयात्रेकरूंसाठी बांधलेली ही बोट सरकारने ताब्यात घेतली आणि शत्रूच्या किनाऱ्यावर पायदळ उतरवणाऱ्या जहाजात तिचे रूपांतर केले. यात्रेकरूंच्या डेकवर सैनिकांची व्यवस्था झाली आणि बाजूंना उतरण-होड्या टांगल्या गेल्या. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा भीषण स्फोट झाला. त्यात गोदीतील जहाजे, मांडवी-मशीद बंदर भागातील वखारी आणि शेकडो माणसे बळी पडली. ‘अल हिंद’ त्या आगीत जळाली. सिंदियाचीच ‘जलपद्म’ ही जवळपास ४,००० टनांची मालवाहू बोट स्फोटाच्या धक्क्याने उचलली जाऊन तिची पिछाडी धक्क्यावरील शेडवर जाऊन आदळली. मुंबईच्या त्या दिवसाचे हे सर्वांत परिचित दृश्य होय.

एक महिना आधी, मार्च १९४४ मध्ये, सैनिक घेऊन कलकत्त्याहून चितगावकडे निघालेली ‘अल मदिना’ बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवली होती. तिच्याबरोबर शेकडो माणसे गेली. हजसाठी मोठ्या हौसेने बांधलेल्या दोन्ही बोटी अशा रीतीने महिन्याभराच्या अंतराने नष्ट झाल्या. त्याआधी जानेवारी १९४२ मध्ये ‘जलराजन’, ‘जलतरंग’ व ‘जलपालक’ या मालवाहू बोटी जपानी पाणबुड्यांना बळी पडल्या होत्या. बोटी सरकारच्या हुकमतीखाली, त्यांवरचे खलाशी मात्र रत्नागिरीचे, सुरतेचे, चितगावचे. युद्धाच्या इतिहासात या माणसांची नोंद फारच त्रोटक आहे.

जहाज-कारखाना

बोटी विकत घेण्याऐवजी त्या देशातच बांधाव्यात, हा वालचंदांचा आग्रह युद्धापूर्वीचा. कारखाना मुंबईत किंवा कलकत्त्यात काढावा असे कंपनीच्या मनात होते. एके काळी वाडिया मिस्त्रींनी मुंबईच्या गोदीत सागवानी लढाऊ जहाजे बांधून ब्रिटिश आरमाराला दिली होती. त्याच मुंबईत विसाव्या शतकात स्वदेशी कंपनीला पोलादी जहाजांसाठी मनाजोगती जागा मिळू शकली नाही. माझगाव गोदी पी. अँड ओ. आणि ब्रिटिश इंडिया यांच्या मालकीची, म्हणजे जहाज दुरुस्तीसाठीही प्रतिस्पर्ध्याच्या दारी जाण्याची पाळी.

अखेर विशाखापट्टणमची निवड झाली. २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथे कोनशिला बसवण्यात आली. युद्धात बोटींची निकड असूनही वसाहती सरकारने या कारखान्याला अपेक्षित पाठबळ दिले नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपान्यांनी विशाखापट्टणमवर बॉम्ब टाकले आणि काम थंडावले. तेथे बांधलेली पहिली मोठी आगबोट, ‘जलउषा’, पाण्यात उतरली ती स्वातंत्र्यानंतर, १४ मार्च १९४८ रोजी. समारंभ पंडित नेहरूंच्या हस्ते झाला. १९५२ साली भारत सरकारने हिंदुस्थान शिपयार्ड या नावाने हा कारखाना आपल्याकडे घेतला.

विमान-कारखाना

१९३९ साली पॅसिफिक महासागर ओलांडणाऱ्या विमानात वालचंदांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली. आगगाडीतील भेटीतून बोटकंपनी निघाली तशी या भेटीतून विमान-कारखान्याची योजना निघाली. म्हैसूर संस्थानने जमीन व भांडवल दिले आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी नोंदली गेली. पुढच्याच वर्षी तिने जुळणी केलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण-विमान उडाले.

१९४१ साली केंद्र सरकार या कंपनीत भागीदार झाले. जपान युद्धात उतरल्यावर परिस्थिती पालटली. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारभार आपल्या हाती घेतला आणि नवी विमाने बनवण्याचे काम बाजूला पडून कारखाना प्रामुख्याने दोस्त राष्ट्रांच्या विमानांच्या दुरुस्तीला लागला. वालचंदांना हिश्शाची किंमत मिळाली, पण ज्या कामासाठी त्यांनी कारखाना काढला होता ते काम थांबले. बोटींच्या बाबतीत सरकारने जे केले तेच येथे एका अख्ख्या कारखान्याच्या बाबतीत घडले, असे म्हणता येईल. आजच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे मूळ याच कंपनीत आहे.

इतर उद्योग

मोटारनिर्मितीसाठी वालचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने मुंबईत कुर्ला येथे तिचा कारखाना सुरू झाला. इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळरानावर साखर कारखान्याभोवती वसलेले वालचंदनगर आणि मालेगावजवळील रावळगावचा साखर कारखाना हे त्यांचे शेतीशी निगडित उद्योग. साताऱ्याच्या कूपर एंजिनिअरिंगमध्येही त्यांच्या समूहाने भांडवल घातले. बंधू गुलाबचंद, रतनचंद आणि लालचंद यांनी या निरनिराळ्या शाखा सांभाळल्या.

एवढा व्याप त्यांनी बऱ्याच अंशी कर्जावर व भागधारकांच्या विश्वासावर उभारला. एक उद्योग रुळावर येण्याआधी दुसऱ्यात हात घालण्याची त्यांची सवय सहकाऱ्यांना नेहमीच मानवत नसे. काँग्रेसशी जवळीक ठेवून सरकारी ठेके घेण्याबद्दलही त्यांच्यावर टीका झाली. ही टीका निराधार नव्हती. परंतु ज्या देशात रेल्वे, बंदरे आणि आरमार ही तिन्ही परसत्तेच्या हाती होती, तेथे अवजड उद्योगात उतरणाऱ्याला सरकारशी व्यवहार टाळता येत नव्हता, हेही विसरता येत नाही.

अखेरची वर्षे व स्मृती

१९४९ साली वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० साली ते सिंदियाच्या अध्यक्षपदावरून निवृत्त झाले. किनारी व्यापार भारतीय जहाजांसाठी राखून ठेवण्याचे धोरण सरकारने स्वीकारले ते याच सुमारास. अखेरच्या आजारपणात पत्नी कस्तुरबाई यांनी त्यांची शुश्रूषा केली. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ साली त्यांचे नाव देण्यात आले. २००४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधील एका रस्त्याला वालचंद हिराचंद मार्ग असे नाव आहे. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनीचे कन्स्ट्रक्शन हाउस याच रस्त्यावर होते. सिंदिया हाउस ही बोटकंपनीची इमारत जवळच, नरोत्तम मोरारजी मार्गावर आहे. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीच्या भरावावर हा सारा परिसर उभा आहे. ‘लॉयल्टी’ मुंबईहून निघाली तो ५ एप्रिल हा दिवस १९६४ सालापासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.